एका फटफटीचा जीर्णोद्धार

मी काही इतिहाससंशोधक नव्हे. कादंबऱ्या लिहितो आणि तलासरीच्या एका शाळेत मुलांना शिकवतो, एवढाच माझा अधिकार. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकपर्यंतचे. यंत्रविद्येत सायकलची साखळी बसवण्यापलीकडे माझी मजल नव्हती. तरीही गेली दोन वर्षे माझ्या साऱ्या सुट्या एका फटफटीने खाल्ल्या. तिने मला जे शिकवले, ते दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

डहाणूला समुद्राच्या बाजूने चिकूच्या वाड्या आहेत. त्यांतल्या एका वाडीचे इराणी शेठ माझ्या परिचयाचे. एकदा भर पावसात त्यांच्या पडवीत थांबलो असता रिकाम्या करंड्यांच्या ढिगामागे मला एक चाक दिसले. करंड्या दूर केल्या, तो एक अवजड फटफटी उभी! टाकीला निळा रंग, आणि निळा उडाला होता तिथे खाली खाकी.

"बाबांची गाडी," शेठ अभिमानाने म्हणाले. "टोब्रुकच्या लढाईतली आहे, मास्तर! लढाई संपल्यावर बाबांनी लिलावात घेतली. हिला पुन्हा उभी करायची आहे. खाकी रंग, वर लष्कराचे निशाण, अगदी झोकात!"

इंजिनावरचा गंज खरवडला, तेव्हा आकड्यांच्या आधी 'डब्ल्यू एम २०' ही अक्षरे दिसली. ही बीएसए कंपनीची एम २०, आणि 'डब्ल्यू' म्हणजे युद्धासाठी घडवलेली. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. १८६१ साली स्थापन झालेला हा कारखाना मूळचा बंदुकांचा. एकमेकींना टेकून उभ्या केलेल्या तीन बंदुका हेच त्याचे बोधचिन्ह. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांनी या कारखान्यावर बाँब टाकले आणि ५३ कामगार ठार झाले. तरीही युद्ध संपेपर्यंत तिथून सव्वा लाखावर एम २० बाहेर पडल्या.

एवढ्या फटफट्या लष्कराला कशाला हव्या होत्या? बिनतारी संदेश शत्रूच्या कानी पडे आणि तारा बाँबने तुटत. मग हुकुमाचा कागद पिशवीत घालून एक स्वार फटफटीवरून पिटाळावा लागे. अशा स्वाराला वेग थोडा कमी चालेल, पण गाडी आडरानात बंद पडून चालणार नाही. एम २०चे इंजिन ४९६ घनसेंटिमीटरचे, ताकद अवघी तेरा घोड्यांची. पण हलक्या पेट्रोलवरही ते कुरकुर करत नाही. झडपा डोक्यावर नसून बाजूला, त्यामुळे इंजिनाचे डोके उतरवून आतली काजळी काढणे रस्त्याच्या कडेलाही जमते. ठिणगी मॅग्नेटोची, म्हणजे बॅटरी मेली तरी गाडी जिवंत.

शेठचे टोब्रुक मात्र माझ्या मनात खुपू लागले. गाडीची पावठणे नुसत्या लोखंडाची होती, रबर बसवायची सोयच नाही. याचे कारण विलायतेत नव्हे, मलायात सापडते. फेब्रुवारी १९४२ मध्ये जपान्यांनी सिंगापूर घेतले, मलायातले रबर तुटले, आणि लष्करी फटफट्यांच्या पावठणांचे रबर गेले, मुठींवर कॅनव्हास आला. म्हणजे आपली गाडी त्यानंतरची असावी. तरी खात्री हवी, म्हणून विलायतेत कारखान्याच्या जुन्या वह्या जपणारे हौशी लोक आहेत, त्यांना नंबर कळवला. उत्तर आले: गाडी १९४३ मध्ये कारखान्यातून निघाली. टोब्रुकचा वेढा १९४१चा. १९४२च्या जूनमध्ये ते रोमेलने घेतले आणि नोव्हेंबरात इंग्रजांनी परत मिळवले. आमच्या फटफटीचा तेव्हा जन्मही झाला नव्हता!

हे ऐकून शेठचा चेहरा पडला. "पण निशाण लावायला काय हरकत आहे?" त्यांना चौथ्या हिंदी डिव्हिजनचा लाल गरुड हवा होता. मी म्हटले, "शेठ, त्या युद्धात आपले पंचवीस लाख जवान होते. ज्यांनी तो गरुड खरोखर दंडावर वागवला, त्यांचा मान आपण कसा घ्यावा?" ते काही बोलले नाहीत.

काम करणारा मिस्त्री मिळाला तो तलासरीत, हमरस्त्याच्या कडेला. टेंपोत घालून गाडी तिकडे नेली. पहिली अडचण पान्यांची. या गाडीचे आटे जुन्या इंग्रजी मापाचे, आणि मिलिमीटरचा पाना नटाचे कोपरे खाऊन टाकतो. जुने पाने मुंबईच्या चोरबाजारातून आणले. खाऱ्या हवेने मॅग्नेटोचे वेटोळे निकामी झाले होते, ते नव्याने भरून घेतले. मागच्या चाकावर कोणीतरी जाड सळ्यांची चौकट वेल्डिंगने जोडली होती. मिस्त्री ती कापायला निघाला, तेव्हा शेठ एकदम म्हणाले, "थांब! त्यावर करंड्या बांधून बाबा डहाणू रोड स्टेशनावर चिकू पोचवत. मी लहानपणी त्या करंड्यांवर बसत असे."

मी त्यांच्याकडे पाहिले. लष्करात या गाडीने दोन-तीन वर्षे काढली असतील; चिकू मात्र वीस वर्षे वाहिले. निळा रंगही बाबांच्या हातचा. मग उरलेले आयुष्य पुसून तिला पुन्हा खाकी का करायचे?

महिनाभराने एका संध्याकाळी गाडी सुरू झाली. तो आवाज आजच्या गाड्यांसारखा नाही. एकेक ठोका मोजून घ्यावा असा. शेजारच्या चहाच्या टपरीवर माझ्या एका विद्यार्थ्याचे आजोबा बसले होते, वारली म्हातारे. ते उठून उभेच राहिले.

"काय झाले, बाबा?"

"काही नाही, गुरुजी. माझा बाप सांगायचा, असा आवाज आला की चुलीवरची भाकर तशीच टाकून रानात पळायचे. फटफटी म्हणजे साहेब."

कोणता साहेब, हे त्यांना माहीत नव्हते. पोलिसांचा असेल, जंगल खात्याचा असेल, सावकाराचा माणूसही असेल. ती गाडी बीएसए होती की आणखी कोणती, हेही कोणी सांगू शकणार नाही. पण काळ कोणता, ते मी सांगू शकत होतो. तेव्हा हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. वारल्यांना वेठीला धरले जाई. लग्नाच्या कर्जापायी नवराबायको दोघेही सावकाराकडे राबत. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरी गावी हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करायची नाही, असे त्यांनी ठरवले. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्या पाठीशी होते. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या; जेठ्या गांगड आणि त्यांचे सोबती त्यात पडले. आमची फटफटी तेव्हा दोन वर्षांची होती.

गाडी आता वाडीत उभी आहे. इंजिन नवे केले. रंगाला हात लावला नाही. वर निळा, खाली खाकी, मागे करंड्यांची चौकट. शेजारी एक पाटी लावायची ठरली आणि मजकूर माझ्याकडे आला. १९४३चा कारखाना लिहिला, लिलाव लिहिला, चिकू लिहिले. मग त्या म्हाताऱ्यांचे बोलणे मी शेठना सांगितले.

ते बराच वेळ गप्प होते. "तेही पाटीवर लिहिणार, मास्तर? लोक म्हणतील, इराणी शेठने आपल्याच वाडीत हे लावले."

"टोब्रुक खोटे होते म्हणून आपण काढले, शेठ. हे खरे आहे."

पाटी दसऱ्याला लागली. आजोबांना मी मुद्दाम बोलावले होते. त्यांना वाचता येत नाही. नातवाने एकेक ओळ वाचून दाखवली. शेवटची ओळ अशी आहे: "या आवाजाला या मुलखातली माणसे एके काळी भीत असत." आजोबांनी ती पुन्हा वाचायला लावली. मग शेठ स्वतः आतून खुर्ची घेऊन आले, आणि मिस्त्रीने किक मारली.