भ्रमणध्वनी जाळ्यातील प्रमाणीकरण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

१९९१ साली फिनलंडमध्ये जीएसएम या दुसऱ्या पिढीच्या भ्रमणध्वनी प्रणालीची व्यावसायिक सेवा सुरू झाली. तत्पूर्वीच्या अॅनालॉग प्रणालीत ग्राहकाची ओळख चोरून त्याच्या नावावर बोलणे शक्य होते. त्यावर उपाय म्हणून सिमकार्डात १२८ बिटांची गुप्त किल्ली ठेवण्यात आली. जाळे यादृच्छिक संख्या पाठवी व कार्ड किल्लीच्या साहाय्याने तिचे उत्तर काढून देई. किल्ली स्वतः हवेतून कधीच जात नसे.

या रचनेत दोन उणिवा होत्या. पहिली म्हणजे, गणनपद्धतीच गुप्त ठेवण्यात आली होती. 'कॉम्प-१२८' ही बहुप्रचलित पद्धती उघडकीस येताच १९९८ मध्ये ब्रिसेनो, गोल्डबर्ग व वॅग्नर यांनी हाती असलेल्या कार्डातून किल्ली शोधता येते, हे सिद्ध केले. दुसरी उणीव अशी की, ओळख केवळ ग्राहकाने पटवायची होती, जाळ्याने नव्हे. परिणामी बनावट मनोरा खऱ्याची जागा घेऊ शकत होता.

तिसऱ्या पिढीत परस्पर प्रमाणीकरण आले आणि 'मिलेनाज' ही गणनपद्धती जाहीररीत्या प्रसिद्ध करण्यात आली. सुरक्षा पद्धतीच्या नव्हे, तर किल्लीच्या गुप्ततेवर अवलंबून असावी, हे केर्कहोफ्स यांनी १८८३ मध्येच मांडले होते. ते येथे स्वीकारले जाण्यास शतकाहून अधिक काळ लागला. दुसऱ्या पिढीची जाळी जेथे चालू आहेत, तेथे दुसरी उणीव आजही कायम आहे.