ज्ञानकोशाचे भागीदार

जरीपटका म्हणजे मराठ्यांचे जरीचे निशाण. नागपूरच्या उत्तरेकडील ज्या वस्तीस हे नाव लाभले, तेथे फाळणीनंतर सिंधी कुटुंबांनी आपला संसार पुन्हा मांडला. याच वस्तीतील एका ख्रिस्ती घरी अलीकडे आम्ही काही धर्मग्रामस्थ जमलो असता जुन्या स्मरणिकांचा विषय निघाला. त्यांतील लेख व छायाचित्रे इंटरनेटवर सर्वांसाठी खुली करावीत, लोकांनी त्यांत भर घालावी, असे तरुणांचे म्हणणे होते. ‘आपण जमवलेले कोणीही उचलून नेईल,’ ही वडीलधाऱ्यांची धास्ती होती. वाद मिटला नाही. मला मात्र याच नागपुरात शंभरेक वर्षांपूर्वी उभारलेल्या एका मंडळाची आठवण झाली.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म १८८४ साली रायपूरला झाला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन करून ते मायदेशी परतले, ते मराठीत ज्ञानकोश निर्माण करण्याचे स्वप्न घेऊनच. एवढ्या ग्रंथास पैसा कोठून आणावा? केतकरांनी नागपुरात ‘ज्ञानकोश मंडळ’ नावाची लिमिटेड कंपनी काढली, तिचे भाग विकले आणि आगाऊ वर्गणीदार मिळवले. ग्रंथ अद्याप छापलेला नाही आणि वाचक मात्र त्याचा भागीदार झालेला आहे, असा तो प्रकार होता! पुढे मंडळाचे काम पुण्यास गेले आणि १९२० पासूनच्या सात-आठ वर्षांत ज्ञानकोशाचे २३ खंड प्रसिद्ध झाले. त्यांतील पहिले पाच तर नुसते प्रस्तावनेचे! या खटाटोपाची हकीकत केतकरांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात स्वतः सांगितली आहे. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांनी पुढे ‘महाराष्ट्र शब्दकोश’ सिद्ध केला.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. ज्ञानकोशाचा वर्गणीदार पैसे देई, लिहीत नसे. लेखणी संपादकवर्गाच्याच हाती राहिली. त्या काळी दुसरा मार्गही नव्हता.

केतकर १९३७ साली निवर्तले. तत्कालीन कायद्याप्रमाणे ५० वर्षांनी त्यांच्या लेखनावरील स्वामित्वहक्क संपला आणि कालांतराने मुंबईच्या यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानाने ज्ञानकोश इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध करून दिला. आज कोणीही तो वाचावा, उतरवून घ्यावा. त्यामुळे केतकरांचे नाव पुसले गेले काय? उलट, ज्या घरांत ते २३ खंड कधी पोहोचले नसते तेथेही ते नाव पोहोचले.

लेखणी वाचकाच्या हाती आली ती १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात. तेथे चुका होतात, खोडसाळपणाही होतो, हे खरे. पण प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि चूक काढणाऱ्यालाच ती दुरुस्त करता येते. आपल्या समित्यांत चुका काढणारे विपुल, ही सोय तेवढी नसते! गोवा विद्यापीठाने तर स्वामित्वहक्क संपण्याची वाटही पाहिली नाही. आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश त्याने २०१३ साली आपण होऊन खुल्या परवान्याखाली आणला. मूळ कर्त्यांचा उल्लेख करावा आणि आपण केलेली भरही इतरांना तितकीच मोकळी ठेवावी, एवढीच त्या परवान्याची अट. वडीलधाऱ्यांच्या धास्तीला याहून चांगले उत्तर मला सुचत नाही.

आपल्याला तर हे नवे वाटायलाच नको. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापले गेले. त्याच शतकात आणखी दोनदा छापले गेले. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ तरला तो भाविकांनी हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे. अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ साली मंगळुरात त्याची नवी आवृत्ती निघाली. पोथी उतरवणाऱ्याने परवानगी मागितली होती की नाही, हे आज कोण विचारतो?

सगळेच खुले करावे, असे मात्र मी म्हणणार नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या, खाजगी पत्रे, हयात माणसांची छायाचित्रे यांना संबंधितांची संमती हवीच. त्याबाबतीत वडीलधाऱ्यांचा हात धरावा. स्मरणिकांचे तसे नाही; त्या वाटण्यासाठीच छापलेल्या असतात. बैठकीनंतर शोध घेतला, तेव्हा आमच्या पहिल्या स्मरणिकेची एकच प्रत एका घरी मिळाली. तिची मधली आठ पाने वाळवीने खाल्ली आहेत.