इलेक्ट्रिक चेनसॉ : जोडणी आणि सुरक्षित वापर

जुन्या आंबा-चिकूच्या बागेतील वाळक्या फांद्या काढणे, वादळात पडलेले झाड हटवणे अशा कामांसाठी विजेवरील चेनसॉ सोयीचा ठरतो. तो हलका असतो आणि दोरी ओढून सुरू करावा लागत नाही. पेट्रोलचा चेनसॉ चालू असल्याचे ऐकू येते. हा मात्र गप्प असतो आणि बटण दाबताच पूर्ण वेगाने फिरतो. त्यामुळे चेनला हात लावण्यापूर्वी प्लग काढावा. नुसते बटण बंद असणे पुरेसे नाही.

चेन बसवणे : बारच्या वरच्या बाजूला असलेल्या दातांची धार टोकाकडे हवी. उलटी बसलेली चेन लाकूड कापत नाही, घासून धूर काढते. बारचे नट सैल ठेवून टोक वर उचलून धरावे, ताणाचा स्क्रू फिरवावा आणि मग नट आवळावेत. चेन बारच्या खाली लोंबू नये, पण हातमोजा घालून ओढल्यास सहज फिरावी. नवी चेन थोड्याच वेळात सैल होते, म्हणून काही काप झाल्यावर ताण पुन्हा तपासावा. गरम चेन ताणू नये. थंड झाल्यावर ती आकसते आणि बारवर ताण येतो.

ऑइल : इंजिन नाही म्हणजे ऑइल लागत नाही, हा समज चुकीचा आहे. टाकीत चेन ऑइल हवेच. इंजिनचे जळके ऑइल ओतू नये. त्यातील धातूचे कण ऑइल पंप आणि बार झिजवतात. टोक पुठ्ठ्यासमोर धरून चेनसॉ चालवल्यास पुठ्ठ्यावर ऑइलची बारीक रेघ उमटली पाहिजे.

वीजजोडणी : खरा धोका इथे आहे. शेतात सिंगल फेज नसेल तर पंपाच्या स्टार्टरमधून एक फेज घेऊन दुसरी तार जमिनीत ठोकलेल्या सळईला जोडली जाते. त्यामुळे सळईभोवतीच्या जमिनीत, विशेषतः ओल असताना, वीज उतरते आणि तिथे पाय ठेवणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. अशा जोडणीत आरसीसीबी लगेच पडतो, म्हणून तोच काढून टाकणारेही भेटतात! चुकून दोन फेज जोडल्या गेल्यास 400 व्होल्टच्या वर दाब येऊन मोटर जळते. अधिकृत सिंगल फेज जोडणी आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल, तर हे यंत्र शेतात नेऊ नये.

2000 वॅटचा चेनसॉ 230 व्होल्टवर सुमारे 9 अँपिअर घेतो. 50 मीटरपर्यंत तांब्याची 2.5 चौरस मिमीची तीन तारांची केबल वापरावी. बारीक वायरमध्ये व्होल्टेज पडून मोटर तापते. केबलची गुंडाळी पूर्ण सोडावी. पावसात किंवा दव असताना काम करू नये. झाडाजवळून वीजवाहिनी जात असेल, तर आधी महावितरणकडून पुरवठा बंद करून घ्यावा.

कापताना : बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला, तर चेनसॉ झटक्याने चालकाच्या तोंडाकडे उसळतो. म्हणून टोकाने कापू नये, दोन्ही हातांनी घट्ट धरावे आणि खांद्याच्या वर उचलू नये. शिडीवर चढून तर मुळीच चालवू नये; उंच फांदीसाठी लांब दांड्याची करवत घ्यावी. केबल पाठीमागे राहील असे उभे राहावे. हेल्मेट, चष्मा, बूट घालावेत. उपरणे, पदर, सैल बाह्या आवरून घ्याव्यात.

जाड फांदी सरळ वरून कापल्यास ती खोडाची साल ओढत खाली येते. आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून एक-तृतीयांश जाडीपर्यंत काप द्यावा. मग त्याच्या थोडे बाहेरून वरून कापावे. उरलेला खुंट शेवटी फुगीर कड्यालगत काढून जखमेवर बोर्डो पेस्ट लावावी.