कोळ्याचे जाळे

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. डासांनी गांजलेल्या कोळ्याला तिथे जागा कोण देणार? ती दिली हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात.

नाईलकाठच्या इजिप्त देशात डासांचा सुळसुळाट फार. हिरोडोटस सांगतो की, दलदलीच्या वरच्या अंगाला राहणारे लोक मनोऱ्यांवर निजत. वाऱ्यामुळे डासांना तेवढे उंच उडता येत नसे. दलदलीतल्या माणसाजवळ मनोरा कुठला? त्याच्यापाशी होते जाळे. दिवसा त्याने मासे धरायचे आणि रात्री तेच बिछान्याभोवती लावून आत निजायचे. पांघरलेल्या कापडातूनही डास चावत, पण जाळ्याच्या वाटेस जात नसत, असे तो लिहितो. त्या जाळ्याची वीण बरीच बारीक असली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

डास हिवताप पसरवतो, याचा पहिला निर्णायक पुरावा रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत मिळाला तो १८९७ साली. हिरोडोटसच्याही पूर्वीचा इजिप्तचा राजा तूतनखामेन याच्या ममीत हिवतापाच्या जंतूंच्या खुणा सापडल्याचे २०१० साली प्रसिद्ध झाले. डासाने राजालाही सोडले नव्हते.

कोळ्याला रोगाचे कारण ठाऊक नव्हते, पण चाव्यावरचा उपाय त्याने हातातल्याच वस्तूतून काढला. एका प्रवाशाने तो आस्थेने टिपून घेतला, म्हणून आज आपल्याला कळतो. आपल्या खाडीकाठच्या कोळ्यांना असे काही विचारून लिहून ठेवणे, हे काम आपले आहे.