लाकडी नंदी (तान्हा पोळा)

लाकडी नंदी म्हणजे विदर्भात तान्हा पोळ्याच्या दिवशी लहान मुले सजवून मिरवतात तो चाके लावलेला लाकडी बैल होय. श्रावण महिन्यातील पिठोरी अमावास्येस पोळा येतो आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, तान्हा पोळा भरतो. पहिल्या दिवशीचा मान शेतात राबणाऱ्या बैलांचा, तर दुसऱ्या दिवशीचा मुलांच्या बैलांचा असतो. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत हा प्रघात विशेष रूढ आहे.

इतिहास

नागपूरचे राजे दुसरे रघूजी भोसले (कारकीर्द १७८८–१८१६) यांनी तान्हा पोळा सुरू केला, असे परंपरा मानते. त्यासाठी १८०६ हे वर्ष सांगितले जाते. मुलांनाही बैलांचे महत्त्व कळावे, पण जिवंत बैल हाताळण्याचा धोका नसावा, हा त्यामागील हेतू असल्याचे सांगतात.

चाकांवरच्या प्राण्याची कल्पना महाराष्ट्रात त्याहून कितीतरी जुनी आहे. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ साली सापडलेल्या कांस्यमूर्तींमध्ये दोन बैल जुंपलेला रथ आणि चाके असलेले प्राणी आहेत. त्यांचा तान्हा पोळ्याशी थेट संबंध मात्र जोडता येत नाही.

घडण

नंदी घडवण्याचे काम प्रामुख्याने सुतारांचे. धड, मान व डोके यांचा आकार तासणीने आणि पटाशीने काढला जातो. पाय, शिंगे व कान अनेकदा वेगळे करून खाचेत बसवतात. वशिंड ही कारागिराच्या हाताची खरी परीक्षा समजावी. ते फार पुढे आले तर बैल बेढब दिसतो आणि सपाट राहिले तर तो बैलच वाटत नाही. तयार नंदी एका पाटावर उभा करून खाली चार चाके लावतात आणि पुढे ओढण्यासाठी दोरी बांधतात.

लाकूड सागवान किंवा आडजात असते. चंद्रपूर व गडचिरोली हे सागवानाचेच जिल्हे असून आलापल्लीचे जंगल आणि बल्लारपूरचे लाकूड आगार त्यासाठी प्रसिद्ध आहेत. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहूनच सागवान पाठवण्यात आले होते. सागाचा नंदी सहसा तडकत नाही, त्याला कीड लागत नाही आणि तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. परंतु त्याची किंमत सर्वांना परवडत नाही. आडजात लाकडाचा नंदी स्वस्त पडतो. मात्र लाकूड ओले असल्यास पावसाळा सरल्यावर त्याला भेगा पडतात.

खरेदी

पोळ्याच्या आधी काही दिवस विदर्भातील शहरांत व तालुक्याच्या गावी रस्त्याकडेला नंदीची दुकाने लागतात. नागपुरात महाल भागातील चितारओळ त्यासाठी ओळखली जाते. नंदी एकेकटा किंवा जोडीने विकला जातो आणि किंमत लाकूड, उंची व कोरीवकाम यांवर ठरते. वितीएवढ्या नंदीपासून मोठ्या माणसाच्या उंचीच्या नंदीपर्यंत आकार आढळतात.

रंगवलेल्या नंदीबरोबर कोरा नंदीही मिळतो आणि जाणते गिऱ्हाईक कोराच पसंत करते. रंगाखाली भेग, गाठ व भराव सहज झाकले जातात. कोऱ्या नंदीत ते लपत नाहीत. पाय खाचेत घट्ट बसले आहेत का आणि सपाट जागेवर चारही चाके टेकतात का, हे पाहूनच व्यवहार केला जातो.

रंगकाम

कोरा नंदी प्रथम काचकागदाने घासतात. भेगा भुसा व सरस यांच्या लगद्याने बुजवून, तो वाळल्यावर पुन्हा घासतात. त्यावर पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले जातात. पांढरा नंदी सर्वाधिक आढळतो, कारण शंकराचे वाहन असलेला नंदी पांढरा मानला जातो. तांबडे व काळे नंदीही असतात. शिंगे व खूर गडद रंगाने, तर अंगावरील झूल लाल, पिवळ्या किंवा हिरव्या रंगाने काढतात. श्रावणातील दमट हवेत तैलरंग लवकर वाळत नाही. त्यामुळे पोळ्याच्या आदल्या रात्री रंगवलेला नंदी दुसऱ्या दिवशी मुलाच्या हातांना व कपड्यांनाही रंगवतो, हा अनुभव घरोघरी असतो. शेवटी खऱ्या बैलाप्रमाणे त्याला घुंगुरमाळ, मोरकी व बाशिंग चढवतात.

उत्सव

सायंकाळी मुले शेतकऱ्याच्या वेषात आपापले नंदी घेऊन मंदिरापुढे किंवा मैदानात जमतात. पूजेनंतर ती घरोघरी जातात; तेथे नंदीला ओवाळून मुलांना खाऊ किंवा पैसे देतात, त्यास बोजारा म्हणतात. उत्तम सजावटीच्या नंदीस बक्षीस देण्याचीही चाल आहे. वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा भव्य नंदींसाठी प्रसिद्ध आहे.

बैल नसलेली घरे

चंद्रपूरजवळील ऊर्जानगर ही महाऔष्णिक विद्युत केंद्राची वसाहत. या केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. आज त्याची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. अशा वसाहतींत गोठा नसतो. अनेक घरांत तर बैल मागील पिढीतच सुटलेला असतो. तेथे पोळ्याच्या पूजेलाही लाकडी किंवा मातीची जोडीच ठेवली जाते. गावांतही ट्रॅक्टर आल्याने बैल कमी झाले. त्याबरोबर नांगर, वखर व तिफण करण्याचे सुताराचे कामही आटले. ज्या खऱ्या बैलाची ही प्रतिकृती, त्याच्याच अवजारांवर जगणाऱ्या कारागिराला आता पोळ्याच्या हंगामात प्रतिकृतीचा आधार आहे.

इतर प्रदेशांतील समान वस्तू

गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडमध्ये पोरा सणास मुले मातीचे चाकांचे बैल खेळवतात. जपानमधील आइझू भागात आकाबेको नावाची कागदी लगद्याची लाल गाय शुभ मानली जाते. एक पंजा उंचावून भरभराटीला बोलावणारे मानेकी-नेको हे मांजर तर जगभर पोहोचले आहे. या दोहोंच्या कोऱ्या मूर्ती स्वतः रंगवून आठवण म्हणून घरी नेण्याची सोय जपानमध्ये पर्यटकांसाठी केलेली असते. तेथे मूर्ती एकदा रंगवली की ती फडताळात जाते. विदर्भातील नंदी मात्र दरवर्षी माळ्यावरून खाली येतो, जुन्या रंगावर नवा हात घेतो आणि थोरल्याकडून धाकट्याकडे जातो. त्यामुळे जुन्या नंदीच्या अंगावर रंगाचे अनेक थर साचलेले आढळतात.