घड्याळाला चावी देणारी मोटर आली कुठून?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायचीय. तिच्या दोन भुजा ४-४ किलोमीटर लांब, आणि जागा निवडताना जमीन किती शांत आहे हेही बघितलं गेलं. आजचा आपला विषयही शांततेचाच, पण टेबलावर मावणारा. घरी बनवलेला वॉच वाइंडर, म्हणजे ऑटोमॅटिक घड्याळ फिरवत ठेवणारी डबी. तिची मोटर घरघरायला लागली की झोपेचं खोबरं! मग आवाज न करणारी मोटर आणायची कुठून?

आधी थोडं मागे जाऊ. १९६१ साली बंगळूरला एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या मदतीने घड्याळं बनवायला सुरुवात केली. ती चावीची. सकाळी चावी दिली, की दिवसभराची काळजी मिटली. ऑटोमॅटिकला मात्र मनगटाची हालचाल लागते. इंग्रज घड्याळजी जॉन हारवूड यांना १९२४ मध्ये अशा मनगटी घड्याळाचं स्विस पेटंट मिळालं. १९३१ मध्ये रोलेक्सने पूर्ण गोल फिरणारा रोटर आणला. पण घड्याळ काढून ठेवलं, की दीड-दोन दिवसांत बंद. म्हणून हा वाइंडर.

खेळण्यातली मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते. आत ब्रश घासतात, बाहेर प्लास्टिकचे गिअर खडखडतात. यावरचा उपाय अमेरिकेत हेन्री वॉरन यांनी १९१६च्या सुमारास काढला होता, तोही घड्याळासाठीच! त्यांची सिंक्रोनस मोटर विजेच्या लयीवर चालायची. तिचीच नात आज मायक्रोवेव्हमधली काचेची ताटली फिरवते. ब्रश नाहीत, वेग मिनिटाला ५-६ फेरे.

पण जुना मायक्रोवेव्ह स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज राहते, जिवावर बेतू शकतं. दुरुस्तीवाल्याकडून सुटी मोटर मागा. तिच्यावरचा व्होल्ट वाचा, काही २२० च्या असतात, काही बऱ्याच कमी व्होल्टच्या. वायरिंग जाणकाराकडूनच करून घ्या. आणखी एक खोड म्हणजे ही मोटर कधी उजवीकडे सुरू होते, कधी डावीकडे. एकाच दिशेने चावी बसणाऱ्या घड्याळाला ती चालणार नाही.

बऱ्याच घड्याळांना दिवसाला साधारण ६५० फेरे पुरतात. ५ फेऱ्यांची मोटर असेल तर १३० मिनिटं. टायमर लावून दुपारीच उरकून घ्या, रात्र मोकळी.

आणि तुमच्या ऑटोमॅटिकला हातानेही चावी देता येत असेल, तर तुमच्या बोटांइतकी शांत मोटर दुसरी नाही. भेटू पुढच्या भागात!