भिवंडीतील सार्वजनिक बससेवा

भिवंडीतील सार्वजनिक बससेवा ही ठाणे जिल्ह्यातील भिवंडी शहर व परिसरात चालणारी, मुख्यतः महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या (एस.टी.) गाड्यांवर अवलंबून असलेली प्रवासी वाहतूक व्यवस्था होय. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ७,०९,६६५ होती. ठाणे, नवी मुंबई व कल्याण-डोंबिवली या शेजारच्या महापालिकांनी विसाव्या शतकातच स्वतःचे परिवहन उपक्रम सुरू केले. भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेचा (स्थापना १६ डिसेंबर २००१) असा उपक्रम २०२० च्या कोव्हिड-१९ महासाथीपर्यंत नव्हता. बंद पडलेली शहर बससेवा पूर्ववत कशी करावी, हा इतर शहरांपुढील प्रश्न येथे ती मुळात कशी उभारावी, असा होता.

पार्श्वभूमी

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर आहे. मागावरचे बरेच कामगार कारखान्यालगतच्या वस्त्यांत राहतात आणि पायी कामावर जातात. त्याहून लांबच्या अंतरासाठी शेअर रिक्षा हेच प्रमुख साधन आहे. एस.टी.च्या भिवंडी आगारातून ठाणे, कल्याण व वाडा या दिशांना गाड्या सुटतात. भिवंडी रोड हे रेल्वे स्थानक वसई–दिवा मार्गावर आहे. तेथे मुंबईच्या उपनगरी मार्गांसारख्या वरचेवर लोकल नाहीत. त्यामुळे ठाणे किंवा कल्याण गाठण्यासाठी रस्त्याला फारसा पर्याय उरत नाही.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये प्रवासी वाहतुकीचा समावेश कलम ६६ खालील स्वेच्छाधीन कर्तव्यांत केलेला आहे. पाणीपुरवठा, मलनिस्सारण ही कर्तव्ये कलम ६३ नुसार बंधनकारक आहेत. बससेवा तशी नाही. उत्पन्नाची साधने तोकडी असलेल्या महापालिकेत ती मागे पडते, याचे एक कारण या विभागणीत सापडते.

दुसरी अडचण हद्दीची. काल्हेर, कशेळी, पूर्णा, वळ, दापोडे, माणकोली या पट्ट्यातील गोदामांत मोठा रोजगार आहे. परंतु ही गावे महापालिका क्षेत्राबाहेर असून त्यांच्या नियोजनाचा अधिकार मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे. शहरात राहणारा हमाल रोज ही हद्द ओलांडतो. केवळ शहरापुरती आखलेली बससेवा त्याच्या फारशी उपयोगाची नाही.

महासाथीचा काळ

मार्च २०२० मधील टाळेबंदीत एस.टी.ची नियमित वाहतूक थांबली. यंत्रमाग बंद पडल्याने हजारो परप्रांतीय कामगार शहर सोडू लागले. मे महिन्याच्या प्रारंभी भिवंडीहून गोरखपूरसाठी श्रमिक विशेष रेल्वेगाडी सोडण्यात आली, तर एस.टी.ने मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत पोहोचविले. आंतरजिल्हा एस.टी. सेवा २० ऑगस्ट २०२० रोजी निम्म्या आसनक्षमतेवर सुरू झाली व सप्टेंबरमध्ये पूर्ण क्षमतेने प्रवासाची मुभा मिळाली.

निम्म्या आसनांचा हा नियम आरोग्याच्या दृष्टीने आवश्यक असला, तरी त्याने बससेवेच्या अर्थकारणाचा कमकुवत दुवा उघडा पाडला. गाडीत ४४ ऐवजी २२ प्रवासी बसले की तिकिटाचे उत्पन्न निम्म्यावर येते. चालक-वाहकांचे वेतन आणि इंधन मात्र तेवढेच लागते. गर्दी टाळण्यासाठी फेऱ्या वाढवाव्यात, तर तोटाही वाढतो. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू होऊन एप्रिल २०२२ पर्यंत लांबलेल्या एस.टी. कर्मचाऱ्यांच्या संपाने दुसरी बाजू दाखविली: एकाच संस्थेवर विसंबलेल्या शहराला, ती संस्था थांबली की रिक्षाखेरीज आधार उरत नाही.

सुधारणांच्या दिशा

केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने जून २०२० मध्ये राज्यांना दिलेल्या सूचनांत पायी व सायकलने होणाऱ्या प्रवासाला चालना, आवश्यक खबरदारीसह सार्वजनिक वाहतूक पुन्हा सुरू करणे आणि तंत्रज्ञानाचा वापर यांवर भर होता. भिवंडीसारख्या अरुंद, वाहनांनी कोंडलेल्या शहरात यांतील पहिली गोष्ट सर्वांत स्वस्त, पण पदपथांअभावी अवघड आहे.

केंद्र सरकारने १६ ऑगस्ट २०२३ रोजी मंजूर केलेल्या पीएम ई-बस सेवा योजनेत १०,००० विद्युत बसगाड्यांची तरतूद असून संघटित बससेवा नसलेल्या शहरांना प्राधान्य आहे. लोकसंख्येची तीन लाखांची अट भिवंडी सहज पूर्ण करते. योजनेत १२, ९ व ७ मीटर लांबीच्या गाड्यांसाठी प्रतिकिलोमीटर अनुक्रमे २४, २२ व २० रुपये केंद्रीय साहाय्य ठरविलेले आहे. कंत्राटदाराला प्रवासीसंख्येवर नव्हे, तर धावलेल्या किलोमीटरवर मोबदला मिळतो. त्यामुळे साथीसारख्या प्रसंगी गाडी रिकामी धावली तरी ती बंद करण्याचे कारण कंत्राटदाराला राहत नाही. तोट्याचा भार मात्र महापालिकेवर येतो. धामणकर नाका, कल्याण नाका, वंजारपट्टी नाका यांसारख्या गजबजलेल्या चौकांतून ७ मीटरची गाडी अधिक सुलभ ठरू शकते.

ठाणे–भिवंडी–कल्याण मेट्रो मार्ग ५ ची (सुमारे २५ किमी) पायाभरणी १८ डिसेंबर २०१८ रोजी झाली. त्याचा पहिला टप्पा ठाण्यातील कापूरबावडी ते धामणकर नाका असा असून काल्हेर, कशेळी व अंजूरफाटा येथे स्थानके नियोजित आहेत. शांतीनगर, गैबीनगर यांसारख्या दाट वस्त्यांतील प्रवाशांना या स्थानकांपर्यंत आणण्यासाठी पूरक बसमार्गांची आवश्यकता भासणार आहे.